पत्र्यात अडकलेला इलायस

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. पण कागदाचा नव्हे, लोखंडाच्या पातळ पत्र्याचा. १८६३ साली, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या दिवसांत, एका फिरत्या छायाचित्रकाराने मला काळा लेप दिला, चांदीच्या क्षारात बुडवले आणि ओला असतानाच कॅमेऱ्यात सरकवले. समोर इलायस नावाचा तरुण शिपाई होता. विक्सबर्गच्या लढाईत त्याचा डावा हात गेला होता. काही क्षण तो हलला नाही, आणि कायमचा माझ्यात अडकला.

त्याची आई मला रोज पदराने नव्हे, एप्रनने पुसायची. ती गेल्यावर मी डबीत, डबी ट्रंकेत आणि ट्रंक माळ्यावर गेली. ऐकू सारे यायचे. बोलता मात्र येत नसे.

२००५ च्या हिवाळ्यात, अमेरिकेतल्याच नेपरव्हिल गावातल्या एका घरात डबी उघडली. त्या घरातल्या शाळकरी रीमाला शाळेसाठी एका पूर्वजाचे आयुष्य त्या काळच्या घटनांशेजारी मांडायचे होते. तिने आपल्या अमेरिकन बाबांकडचे खापरपणजोबा, म्हणजे इलायस, निवडले होते.

"आई, धिस इज नॉट हिम! ह्याचा राइट हँड नाहीये. ग्रँडपा म्हणाला, लेफ्ट गेला होता."

"मग दुसरंच कोणी असेल गं," तिची आई नेत्रा म्हणाली. "ठेव त्या गराज सेलच्या खोक्यात, जुन्या सामानाबरोबर विकून टाकू."

इलायसचा जगात हा एकच चेहरा उरला होता. मला ओरडावेसे वाटले. पत्र्याला कंठ नसतो.

मला खोक्यात टाकताना रीमा खिदळली. "आई, ह्याच्या बेल्टवर एस, यू लिहिलंय. सू! सोल्जरच्या बेल्टवर सू!"

"शी, रीमा!" नेत्राही हसली, आणि हसता हसता थांबली. "तिथे यू एस हवं ना? आण इकडे."

तिने मला आरशासमोर धरले. अक्षरे सुलट झाली. रिकामी बाही डाव्या हाताची झाली.

"पत्र्यावरचे फोटो असे उलटेच निघायचे," नेत्रा हळूच म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नाही. सॉरी म्हण त्यांना."

"सॉरी, इलायस."

"इलायस काय? आजोबा म्हण."

"सॉरी, सू-आजोबा."

आता मी रीमाच्या खोलीत आहे, उन्हापासून दूर. इलायस अजूनही माझ्यात उलटाच बसला आहे; त्याला मी सोडवू शकत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरातल्या एखाद्या डबीत कोणी असेच गप्प बसले असेल. 'हा आपला नव्हे' म्हणण्याआधी त्याला नीट पाहा. ओळखणारी माणसे आहेत तोवर त्याचे नाव लिहून ठेवा. चेहरा आम्ही धरून ठेवतो. नाव आम्हाला धरता येत नाही.