आई कुणाच्या घरातली

आईचं वर्षश्राद्ध थोरल्या आकारामदादाकडं हुतं, म्हणून मी कोरेगावास्नं माहेरी आल्याली. जेवणं उरकत्यात तवर विश्रामबागच्या कॉलेजातली अर्शिया नावाची पोरगी दारात आली. गेल्या सालच्या पुरापायी गावात किती माणसं जादा दगावली, त्याचा अंदाज काढत ती घरोघर हिंडत हुती.

"काका, पुराआधी तुमच्या घरात राहणारं कुणी त्यानंतर वारलं का?"

"न्हाई," दादा म्हनला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उष्टी पानं अजून उचलायची हायत, आन् हा म्हंतो कोण गेलं न्हाई!

"मग आत्ता श्राद्ध कुणाचं घातलंस रं दादा?"

"आईचंच की. पन ती म्हैना-म्हैना वाटून ऱ्हायची. पूर आला तवा म्हैना नाथाचा हुता."

धाकटा नाथाजी पंगतीतनंच वरडला, "आमावस्येला सपला की माझा म्हैना! गाठोडंबी बांधल्यालं, तवर पानी आलं."

घ्या! आई ना हिकडची ना तिकडची. पाण्यातनं तिला शाळेत नेऊन ठेवली. दोघांच्या घरात गाळ, म्हणून आठवड्यानं मीच कोरेगावला नेली. दिवाळीच्या तोंडावर दम लागून माझ्याकडंच गेली.

"माझ्या घरात लिव बाई," मी म्हनले.

"ताई, कोरेगावला पूर नव्हता. तिथं आम्ही विचारतच नाही."

"मग ती पुरानं गेली का न्हाई?"

"एकेकाचं नाही सांगता येत. एरवी वर्षाला गावातले किती जातात, पुराच्या वर्षी किती गेले, तेवढा फरक काढायचा."

"त्या फरकात माझी आई हाय का?"

पोरगीबी गोंधळली. "कुणी आपल्या घरातली म्हटलं तर आहे. नाहीतर आमच्या हिशोबात त्या या गावात नव्हत्याच."

आगं बाई! सत्तर वर्सं नांदल्याली बाई गावात नव्हतीच?

दादा खाकरला. "माझ्यात लिवा. थोरला मी हाय."

"तुझ्यात कशी? म्हैना माझा हुता!"

"आत्ता तर सपला म्हनलास!"

"दोन्हीकडं लिहिलं तर त्या दोनदा मोजल्या जातील हो," अर्शिया काकुळतीला आली. पन दोघांची चांगलीच जुंपली. हसावं का रडावं, मला काय कळंना. शेवटाला रडूच आलं.

"आरं, शाळेच्या दारात बसून लय वाट बघितली रं तिनं तुमची. तवा का न्हाई भांडलासा, माझ्या घरात चल म्हणून?"