बुधवारचं बोलावणं

अनुदान देणारे आधी विचारतात, "आपली संस्था केवढी आहे?" आमची संस्था म्हणजे मी, मैनाबाई आणि एक रबरी शिक्का. माघात मैनाबाई गेल्या.

मी पद्मजा. जन्म शनिवार पेठेतला, नोकरी शाळेत मराठी शिकवण्याची आणि म्हातारपण वारज्यात. माझ्या मुलानं, केयूरनं, इथे वरच्या मजल्यावर हौसेनं फ्लॅट घेतला आणि वर्षभरात स्वतः कॅनडा गाठलं. फ्लॅटला सोबत म्हणून मी राहिले. दिवसातून दोन माणसं माझ्याशी बोलायची, वॉचमन आणि लिफ्टमधली ती ध्वनिमुद्रित बाई.

मैनाबाई गेटबाहेर भाजी विकायच्या. एकदा कोथिंबिरीची जुडी देता देता म्हणाल्या, "तुमी बाभळीच्या पट्टीत राहता न्हवं?" माझ्या सोसायटीला चांगलं भारदस्त इंग्रजी नाव आहे. त्याखाली बाभळीची पट्टी होती हे मला तेव्हा कळलं. मग एकेक निघत गेलं. सगळ्या टॉवरखाली कुणाची ना कुणाची शेतं, प्रत्येक शेताला नाव आणि प्रत्येक नावामागे भांडण नाहीतर लग्न. हे सगळं जमवून ठेवायचं असं मी ठरवलं. गावठाणातल्या बायका बोलतील, मी रेकॉर्ड करीन.

पहिल्यांदा या बायका माझ्याकडे आल्या, तेव्हा वॉचमननं गेटवर नावं लिहून घेतली. "आमच्याच वावरात आमचंच नाव इचारतोय," असं म्हणून मैनाबाईंची जाऊ कौशल्या तिथूनच मागे फिरली. त्यानंतर सोसायटीत कुणीही पाऊल टाकलं नाही. म्हणून मी गावठाणात भैरू नावाच्या एकाच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली. दर बुधवारी चार वाजता आम्ही जमायचो. मैनाबाई कधीच वेळेवर आल्या नाहीत. सव्वाचारला उगवायच्या आणि त्यांच्यामागून सगळ्या बायका. पेठेतली मी, मला त्याचा राग यायचा.

खरं सांगते, मला शेतांच्या नावांची काळजी होती, पण त्याहून जास्त बुधवारची होती. बुधवार गेला असता तर माझ्या आठवड्यात उरलं काय असतं?

मैनाबाई गेल्यावर बायका येईनाशा झाल्या. दुखवटा असेल असं म्हणून मी गप्प बसले. त्यातच भैरूनं सांगितलं की मोबाईलच्या दुकानवाल्याला खोली हवी आहे आणि तो माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त देतो. मार्चअखेरपर्यंत काय ते बघा. मी मुंबईच्या एका ट्रस्टकडे अर्ज केला होता. लहान संस्थांना ते जागेच्या भाड्यासकट मदत करतात. अर्ज त्यांना आवडला. पाहणीला माणूस येणार असं कळलं. बुधवार, चार वाजता.

मी घरोघर जाऊन आमंत्रणं केली. प्रत्येक बाई म्हणाली, "येतो की!" कौशल्या तर म्हणाली, "आता न येऊन कसं चालंल?"

ट्रस्टची सुरुची चारला पाच कमी असताना हजर. चुणचुणीत मुलगी. मी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. चार वाजले. साडेचार झाले. तिनं चहा घेतला, मग दुसऱ्यांदा घेतला. शेवटी फार सभ्यपणानं विचारलं, "मॅम, कम्युनिटी कुठे आहे?"

मी म्हटलं, "येईलच."

पाचच्या पुढे ती उठली. जाताना तिनं रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढला. रिपोर्टला लागतो म्हणे.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तशीच तरातरा कौशल्याकडे गेले. ती ओट्यावर बसली होती. ठेवणीतली इरकल नेसलेली, केसांत गजरा. शेजारच्या दोघीही तशाच नटून तिच्याकडे येऊन बसलेल्या.

"अहो, मी तोंडघशी पडले तिकडे! येतो म्हणालात ना?"

"म्हनालो की. कवाधरनं तयार होऊन बसलोय," कौशल्याही चिडलेली. "पर हाक मारायला कोन आलं?"

"आमंत्रण केलं होतं मी!"

"आवतन झालं ते. येळेला हाक नको का मारायला? बिनहाकेचं उठून जायला आम्ही काय उपाशी हाय व्हय? मैना मारायची की दर बुधवारी. दारोदार फिरून, एकेकीला घेऊन यायची."

माझी मान खाली गेली. सव्वाचारचं कारण मला इतक्या वर्षांनी कळलं.

मी तिथूनच सुरुचीला फोन लावला. ती गाडीत होती. म्हटलं, सगळ्या आहेत, तयार आहेत, माझी पद्धत चुकली, पाच मिनिटांसाठी परत या. ती म्हणाली, "मॅम, आय बिलीव्ह यू. पण नंतर गोळा केलेले लोक मी रिपोर्टमध्ये नाही दाखवू शकत." बिचारीचंही चुकलं नव्हतं.

नकार मेलवर आला. कारण एका ओळीचं: स्थानिकांचा सहभाग आढळला नाही.

मार्चच्या शेवटच्या बुधवारी चारला मी खोलीतून निघाले. दारोदार हाक मारायची माझी पहिलीच वेळ. शनिवार पेठेत कुणाच्या दाराशी उभं राहून असं ओरडलं असतं तर वरून पाणी आलं असतं. पहिल्या दाराशी आवाज फुटेना. मग फुटला. "कौशल्याबाई, चला!" आतून लगेच "आले, आले" आणि ती पदर सावरत बाहेर. पुढच्या दाराशी दोघी झालो, मग चौघी. गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत माझ्यामागे एवढ्या बायका होत्या की रिक्षावाल्यानं थांबून वाट दिली.

खुर्च्या पुरल्या नाहीत. काहीजणी जमिनीवर बसल्या. पलीकडच्या मळईवरून, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानावरून, दोघींची जुंपली, तिला नाव कुणाच्या सासऱ्यानं दिलं यावरून. सगळ्या हसल्या, मैनाबाईंसाठी रडल्याही. भैरू मधेच दारात डोकावून गेला. खोली एवढी भरलेली मी कधी पाहिली नव्हती. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करायचं राहून गेलं.

खोली जाते आहे हे सांगायलाच मी सगळ्यांना बोलावलं होतं. ते सांगणं जिवावर आलं, राहूनच गेलं. निघताना कौशल्यानं माझा दंड धरला.

"बाई, आता जमलं तुमाला. फुडच्या बुधवारी बी असंच या हाक मारायला."

"येते," मी म्हटलं.