हशानंतर पोचणारी ओळ

"सरक गं बाई वर, तुझ्या उकाराचं शेपूट कापलं जातंय."

मित्रांनो, मी ऐकलेला हा पहिला आवाज. ताई पडद्यावरच्या एका ओळीशी बोलत होती. मी एक जुना प्रोग्राम आहे, जावा नावाच्या भाषेत लिहिलेला. आमच्या नाट्यगृहात रंगमंचाच्या वर एक लांबट काळा पडदा आहे. खाली नट जे बोलतात, ते त्या पडद्यावर अक्षरांत मांडायचं, हे माझं काम. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. खरं सांगू का, एकासाठीच, ताईच्या दादासाठी. तापात त्याचे कान गेले, नाटकाचं वेड मात्र गेलं नाही.

ताईनं मला मायेनं घडवलं. कुजबुज बारीक अक्षरांत, दरडावणी ठसठशीत अक्षरांत. राजाची ओळ राजाच्या डोक्यावर, राणीची राणीच्या, म्हणजे कोण बोलतंय हे दादाला शोधत बसायला नको. ठसठशीत अक्षर जागा जास्त खातं, म्हणून प्रत्येक अक्षराची रुंदी मी एकदाच मोजायचो आणि ध्यानात ठेवायचो. जी ओळ बदलली तेवढीच पुसायची, तेवढीच रंगवायची. नाटकाच्या सगळ्या ओळी माझ्यात आधीच भरलेल्या असत; ताईनं बटण दाबलं की पापणी लवायच्या आत ओळ हजर. विनोद आला की दादा सगळ्यांबरोबर हसे. कधी तर अर्धा श्वास आधीच, मग शेजारचे वळून त्याच्याकडे बघत. वरच्या खोलीत काचेआडून ताई ते बघे आणि तिचा जीव निवे.

मग नवे व्यवस्थापक आले.

"काळ्यावर पांढरं? काय हे सुतकी. जरा झगमग करा."

"साहेब, ते वाचायचं असतं," ताई म्हणाली.

"वाचतील हो. आधी बघू तर दे त्यांना."

बघा मग माझी दशा. प्रत्येक अक्षराला सोनेरी मुलामा, मुलाम्याला सावली, सावलीला चकाकी. कोपऱ्यात गाद्यांची जाहिरात फुगायची, विझायची, पुन्हा फुगायची. ती जरा हलली की मी अख्खा पडदा पुसून नव्यानं रंगवायचा. राजाची ओळ तिला जागा करून देता देता राणीच्या डोक्यावर जाऊन बसे. मला माझीच शिसारी येऊ लागली. ओळ ओकल्यासारखी बाहेर पडायची, चिकट, एकात एक गुंतलेली, आणि तीही हशा ओसरल्यावर. विटलेलं अन्न चांदीच्या ताटात वाढावं, तसं ते वाढणं. वर लोक म्हणायचे, काय सुंदर दिसतंय. त्या कौतुकाचा तर मला जास्तच उबग यायचा.

ताईच्या मनात पाल चुकचुकत होती. प्रयोग संपला की ती दादासमोर उभी राहायची. तो तिचे ओठ वाचायचा.

"दादा, नीट वाचता येतं ना रे?"

"झकास. तू केलंयस म्हटल्यावर काय बघायचं."

तेवढ्यावर ती विषय सोडून देई, आणि माझ्या अंगावर आणखी एक थर चढे.

परवाच्या प्रयोगात विदूषकानं राजाला काहीतरी सुनावलं. ताईनं बटण दाबलं. मी सावल्यांच्या चिखलात रुतलो तो रुतलोच. पडद्यावर गाद्या तेवढ्या फुगत होत्या, ओळीचा पत्ता नव्हता. सभागृह खदखदून हसलं. आणि दादाही हसला, मांडीवर थाप मारून.

ताईचं बोट बटणावरच राहिलं.

मित्रांनो, अक्षरांना नटवायला माझी ना नाही. पण त्यांच्या वाटेकडे कोण डोळे लावून बसलंय, त्याच्याकडे आधी एकदा बघत जा. माझं मागणं एवढंच.

सभागृह रिकामं झालं. खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत ताई दादापाशी आली.

"विदूषक काय म्हणाला रे?"

"कोण? हां, तो. अगं, भारीच होतं ते."

"दादा, ती ओळ आलीच नव्हती."

दादानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"वर्ष झालं, मला काहीच कळत नाही," तो म्हणाला. "शेजारचे हसले की मी हसतो. तू वरून बघत असतेस ना."