राघूच्या नावे दरमहा पंधरा रुपये

पुण्याच्या एका वकिलांकडे सोपानराव कारकून होते. १९३६च्या हिवाळ्यात त्यांनी एका मृत्युपत्राची नक्कल उतरवली आणि पुढे चार दिवस त्यांच्या डोक्यातून ते जाईना.

लोणावळ्याला तुंगार्लीत राहणाऱ्या रतनबाई नावाच्या वृद्ध पारशी बाई नुकत्याच वारल्या होत्या. बंगला मुंबईच्या भाच्याला दिला होता. पण मागच्या अंगणातली खोली आणि दरमहा पंधरा रुपये त्यांच्या पोपटाला, राघूला, तो जगेल तोवर. सांभाळ स्वयंपाकीण मुक्ताबाईने करायचा. पुढच्या अटी मात्र चमत्कारिक होत्या. खोलीच्या दाराला आतून कडी हवी. तिथे विडी ओढणारा पुरुष राहता कामा नये, कारण पक्ष्याला धूर सोसत नाही. आणि राघूचा मुक्काम लोणावळ्याबाहेर हलवला तर पैसे बंद.

"बाईंचा पोपटावर फार जीव होता वाटतं?" सोपानरावांनी वकिलांना विचारलं.

"छे, जीव कुत्र्यावर होता. मग त्याचंच नाव घालू म्हटलं, तर म्हणाल्या, तो म्हातारा झालाय, पोपटाचंच घाला. मी घातलं. आता दर सहा महिन्यांनी जाऊन पक्षी जिवंत आहे का, तेवढं तुम्ही बघून या."

एप्रिलात सोपानराव पहिल्यांदा गेले. मागच्या खोलीच्या उंबऱ्यात म्हातारा कुत्रा झोपला होता. आत तिशीची एक विधवा तांदूळ निवडत होती. तीच मुक्ताबाई. छताच्या कडीला पिंजरा मात्र नव्हता.

"राघू कुठे आहे?"

"दिरानं नेला, गावाकडं कान्ह्याला," ती खाली बघत म्हणाली. "काल सकाळी आलं आन् उचलून घेऊन गेलं. म्हनलं, राघू आमच्यात, तर पैसं बी आमच्यात."

"तुम्ही अडवलं नाहीत?"

"कदी अडवलंय? माझा पगार बी तेच न्यायचं, धा वर्सं. बाईसायेब दारात उभ्या राहून बगायच्या."

सोपानराव आल्या पावली स्टेशनवर गेले. कामशेतला उतरून बांधाबांधाने चालत कान्ह्याला पोचले. मुक्ताबाईचा दीर भिमाजी ओसरीवर विडी ओढत बसला होता. शेजारी पिंजरा होता, आणि त्यातला राघू पंख फुगवून पाठमोरा बसला होता.

"या रावसायेब, बसा," भिमाजी म्हणाला. "पोपट झ्याक हाय. सई कुटं करायची?"

"सही नको. पैसे बंद झाले."

"म्हंजी?"

सोपानरावांनी नक्कल काढून ती अट वाचून दाखवली. भिमाजीने विडी विझवली.

"पर त्यो जित्ता हाय की. आन् मुक्ता माज्या भावाची बायकू. तिचं ते आमचं."

"तिचं असतं तर गोष्ट वेगळी. पण हे पैसे तिचे नाहीतच. पोपटाचे आहेत. पोपट तुमच्या नात्यात बसत नाही."

भिमाजी बराच वेळ राघूकडे बघत राहिला. "आन् माघारी नेला तर?"

"एकच दिवस झालाय. आजच्या आज नेलात, तर राघू पाहुणा म्हणून येऊन गेला असं मी समजेन. पुन्हा नेलात, तर वकिलांना कळवीन. मग कुणालाच काही मिळणार नाही."

त्याच संध्याकाळी पिंजरा डोक्यावर घेऊन भिमाजी स्वतः सोपानरावांबरोबर तुंगार्लीत आला. त्याने तो छताला टांगला आणि पाणीसुद्धा न पिता गेला. मुक्ताबाईने पिंजऱ्याच्या वाटीत डाळ घातली आणि हात पटकन मागे घेतला.

"चावतो?"

"लय. बाईसायेबांचं बोट दोनदा फोडलं. त्या त्याला लुच्चा म्हनायच्या. तोंड बगायला तयार नव्हत्या."

"मग त्याच्याच नावे पैसे का ठेवले?"

मुक्ताबाईने उरलेली डाळ डब्यात ओतली. "आजारी पडायच्या आदी मला घेऊन बाजारात गेल्या हुत्या. पाखरं इकनाऱ्या गफूरचाचाला इचारलं, पोपट किती जगतो? चाचा म्हनला, नीट राखला तर चाळीस वर्सं. मग माज्याकडं वळून म्हनल्या, मुक्ता, तुजं वय काय गं?"

सोपानरावांना आता अटी एकेक करून उलगडत गेल्या. कडी, विडी, लोणावळा. त्यांनी दौत उघडून अहवाल लिहिला: पक्षी हयात, प्रकृती उत्तम, अटींचे पालन होत आहे. मुक्ताबाईला त्यांनी काही विचारलं नाही. ती दाराची कडी लावून बघत होती, पुन्हा काढत होती.

त्यानंतरची दहा वर्षं ते नेमाने येत राहिले. भाच्याने बंगला विकला. खोली मात्र पोपटाचीच राहिली. भिमाजी तिकडे फिरकला नाही. दुसऱ्या वर्षी मुक्ताबाईने गावाहून आपल्या आईला, कस्तुराबाईला, राहायला आणलं. म्हातारी मिश्री लावायची. अटींत त्याबद्दल काही नव्हतं, तरी मिश्री भाजायला, राघूला धूर नको म्हणून, ती बाहेर अंगणात जायची.