अकरा वेळा तपासलेले चेंडू

हवामामाला स्वस्थ बसणं जन्मात जमलं नाही. जेवायला बसला तरी त्याचा पाय हलायचा, झोपला तरी पायाचा अंगठा. मोडके चेंडू दुरुस्त करणं आणि त्यांत हवा भरणं हा त्याचा धंदा, म्हणून हवामामा हे नाव पडलं. पण मामा म्हणून हक्काने छळणारी एकच, त्याच्या बहिणीची मुलगी. संघात सगळ्यांत बुटकी, म्हणून ती मुंगी.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचा तो शेवटचा दिवस होता. सामन्यांत मुंगीच्या संघाचा पहिल्याच फेरीत बाजार उठला होता. उरल्या होत्या वैयक्तिक कौशल्याच्या स्पर्धा, आणि त्यातल्या रिंगमध्ये चेंडू टाकायच्या नेमबाजीत मुंगी अंतिम फेरीत पोचली होती. तिघी मुली, प्रत्येकीला दहा चेंडू आणि अर्धं मिनिट. पदक एकच, आणि वयाच्या नियमाने मुंगीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती इथे फार तर टाळ्या वाजवायला आली असती.

सकाळच्या फेरीत ती सहा चेंडू टाकून कशीबशी तिसरी आली होती. बाकीचे रिंगवर आदळून टणाटण बाहेर पडले. का, ते हवामामाला पक्कं ठाऊक होतं. घरी ती ज्या चेंडूवर शिकली, त्याचा व्हॉल्व्ह सात वर्षं गळत होता. तो मऊ चेंडू रिंगला लागला की तिथेच मरगळायचा आणि अलगद आत पडायचा. व्हॉल्व्ह बदलायचं कुणी म्हटलं की हवामामाचं उत्तर ठरलेलं असायचं, "उद्या बघू."

स्पर्धेच्या चेंडूंचं काम त्याच्याकडेच होतं. भाची खेळतेय, हे त्याने आधीच लिहून दिलं होतं. मुख्य पंचबाईंनी तो कागद वाचला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"मग तुम्ही सगळे चेंडू दोनदा तपासा. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

दोनदा म्हणे! आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. हवामामाने अंतिम फेरीचे दहाही चेंडू भरले, सुई लावून दाब मोजायच्या काट्यावर आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. पाणी प्यायला, परत येऊन पुन्हा पाहिला. मुंगी सराव करत होती तेव्हा पाहिला, तिने बुटाची नाडी बांधली तेव्हा पाहिला. सुई चेंडूत आणि डोळे मुंगीवर. काटा कुठे थांबतोय हे शेवटी शेवटी तो बघतही नव्हता. दोन खेळाडूंच्या मधल्या मिनिटातसुद्धा त्याने एकदा सुई लावून घेतली.

वेणीवाल्या उंच मुलीने सात टाकले. चष्मेवालीने पाचच. मग मुंगी आली. पहिला आत, दुसरा आत, तिसरा रिंगवर बसला, विचारात पडला आणि आत गेला. नऊ! हवामामाने शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली, तो बिचारा गुदमरला.

मग सवयीने त्याने पायाशी आलेला चेंडू उचलून दाबला. अंगठा आत गेला.

सुई लावली की दर वेळी चिमूटभर हवा बाहेर येतेच, हे तो गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचा. त्याने मनात मोजलं. अकरा वेळा. दहाही चेंडू घरच्या चेंडूसारखे झाले होते.

कुणालाही काही कळलं नव्हतं. मुंगी दोन्ही हात वर करून नाचत होती, असं तिला त्याने सात वर्षांत पाहिलं नव्हतं. तोंडाला कुलूप लावायचं आणि घरी जायचं, एवढंच तर करायचं होतं. पण पलीकडे चष्मेवाली एक चेंडू हातात घेऊन दाबत होती आणि आपल्याच हाताकडे बघत होती. आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटत होतं. हवामामाला ते बघवेना. तो पंचबाईंकडे गेला.

"बाई, चेंडू मऊ पडलेत. चूक माझी आहे."

"किती वेळा तपासलेत?"

"अकरा."

"मी दोनदा म्हटलं होतं," पंचबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिघींनाही पुन्हा बोलावलं. नव्याने हवा भरून झाल्यावर त्यांनी काटा त्याच्या हातातून काढूनच घेतला.

मुंगी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुला गप्प बसता येत नव्हतं, मामा? आयुष्यात एकदा?"

वेणीवालीने पुन्हा सात टाकले. चष्मेवालीने आठ. मुंगीचे पहिले तीन रिंगवरून उडाले, आणि मोजणी सहावर थांबली.

हॉल रिकामा झाला तेव्हा ती हॉलमागच्या मोकळ्या आवारात, सरावाच्या रिंगजवळ पायरीवर बसली होती, मांडीवर घरचा चेंडू. हवामामा तिच्या शेजारी बसला, उठला, परत बसला.

"अख्ख्या शहराचे बॉल दुरुस्त करतोस," ती म्हणाली. "हाच का राहिला? मी मऊ बॉलवर शिकले, हे मला आज सकाळी कळलं. तुला कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी. मऊ बॉल पटकन आत पडायचा. तू हसायचीस. मग मला बदलवेना."

मुंगीने चेंडू त्याच्याकडे ढकलला. "बसव नवा."

पिशवीत व्हॉल्व्ह होताच, रोज असायचा. त्याने तो बसवला, गच्च हवा भरली, आणि हात आपसूक काट्याकडे गेला. मुंगीने काटा उचलून स्वतःच्या खिशात टाकला.

ती रेषेवर गेली आणि तिने चेंडू टाकला. तो रिंगवर आदळून थेट कुंपणापर्यंत गेला. आणायला हवामामा अर्धा उठला होता.

"बस," ती म्हणाली आणि स्वतःच चेंडूमागे धावली.

हवामामा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला.