चार नंबरची पाहुणी

लाकडी चार... किल्लीला लोंबणाऱ्या चपट्या तुकड्यावर तापल्या खिळ्यानं कोरलेला चारचा आकडा, त्याचा पाय वाकडा, कारण कोरताना नवऱ्याला, एमेतेरियोला, शिंक आली होती आणि तो म्हणाला होता, राहू दे गं, या उंचीवर चारसुद्धा झोकांड्या खाणारच—तो तुकडा उशीशेजारच्या स्टुलावर होता, अगदी डोळ्यांसमोर, आणि डोक्यात धम्म, धम्म असं काहीतरी वाजत होतं, आणि प्रत्येक ठोक्याला तो चार एकदा जवळ यायचा, एकदा लांब जायचा. बासिलियाला एवढंच कळत होतं की ही किल्ली इथं असायला नको. तिची जागा पडवीतल्या फळीवर, तीन आणि पाचच्या मधल्या खिळ्याला. ती इथं आहे म्हणजे चार नंबरमध्ये कुणीतरी उतरलंय. कोण उतरलंय?

मी.

अगं बाई! उंच डोंगरावरच्या पोतोसीत जन्मलेली, पोतोसीत नांदलेली, तीस वर्षं याच गावात याच अंगणाभोवती सहा खोल्यांचं हॉटेल चालवणारी बाई, आणि तिला सोरोच्ची लागावी! सोरोच्ची म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेची बाधा, ती लागते खालच्या मुलखातल्या लोकांना. त्यांचं डोकं ठणकतं, पोटात ढवळतं, चार पायऱ्या चढले की छातीचा भाता होतो, आणि मग ते अंगणातल्या बाकावर बसून मेलेल्या माशासारखे बघत राहतात आणि बासिलिया त्यांना कोकाच्या पानांचा चहा देते. चहा पिऊन होईपर्यंत किल्ली द्यायची नाही, हा तिचा नियम. कारण किल्ली दिली की माणूस सामान उचलून जिना चढतो, आणि जिना चढला की पडतो. इतकं साधं. हे ती हजारो लोकांना सांगत आली. आणि आज सकाळी खालून, सांताक्रूझच्या गाडीतून उतरल्यावर ती स्वतः...

आठवलं की हसू येत होतं आणि हसलं की डोकं ठणकत होतं. आठ महिने लेकीकडे, एल्बाकडे, खालच्या गरम मुलखात नातवाला न्हाऊमाखू घालण्यात गेले, आणि आठ महिने जिभेवर एकच गोष्ट नाचत होती, मातीच्या वाडग्यात तापलेला दगड टाकून उकळवतात ते मक्याचं दाट सूप, कालापुर्का. स्टँडबाहेरच वाडगा समोर आला, दगड खदखदत होता, तिनं मटणाच्या तुकड्यांसकट सगळं ओरपलं, वर आणखी एक मागवलं. पहिला चमचा जमिनीला द्यायचा, धरणीमातेला, पाचामामाला, तेसुद्धा विसरली. एल्बाच्या घरी चकचकीत फरशी, तिथं कुठं सांडणार, सवयच मोडली. मग गाठोडं पाठीला बांधून चढ चालायला लागली. टॅक्सीवाला म्हणाला, “बसा आज्जी, सोडतो.” तर ही म्हणाली, “मला काय परदेशी पाहुणी समजलास?” लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दारात आली, “माबेल!” अशी सुनेला हाक मारली, आणि पुढचं तिला नीट आठवत नाही. फ्रेदीनं, मुलानं, उचललं असणार. तिची स्वतःची खोली वर, गच्चीला लागून. जिना नको म्हणून दाराजवळची ही खोली, चार नंबर.

आणि फ्रेदी उंबऱ्यात उभा राहून म्हणाला ते मात्र आठवतंय, स्पष्ट आठवतंय. “आई, संध्याकाळपर्यंत बरं वाटलं नाही तर उद्याच्या गाडीनं तुला परत एल्बाकडे सोडतो. उगाच हट्ट नको.” हट्ट! पोरगा माझाच, आवाज त्याच्या बापाचा. पण त्याचंही काय चुकलं? समोरच्या गल्लीतला सातुर्निनो शिंपी असाच मुलाकडे खाली गेला होता, वर्षानं आला तो पांढराफटक होऊन, परत गेला, परत आला, परत गेला... त्याच्या दुकानाचं दार अजून बंद आहे, फळीवर कबुतरं बसतात. लोक म्हणतात, उंची माणसाला विसरते. मला विसरली असेल का ती? आठ महिन्यांत? मी तिला एक दिवस विसरले नाही हो. बासिलियाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि पाण्यातून तो वाकडा चार आणखीच वाकडा दिसायला लागला.

अंगणातून माबेलचा आवाज येत होता. दोन मुली उतरल्या होत्या, कुठल्यातरी लांबच्या, हसऱ्या. “बसा गं, बसा. किल्ली कुठं पळून जात नाही. आधी चहा.” बासिलिया कान देऊन ऐकू लागली. माबेलच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता, आठ महिन्यांपूर्वी तो इथं, माझ्या कमरेला... “रात्री जड खायचं नाही, सूप घ्या. गॅसची शेगडी लावलीत तर खिडकी बोटभर उघडी. जादा घोंगडी खालच्या खणात आहे, पण तिन्ही एकदम पांघरू नका, छातीवर वजन येतं नि वाटतं जीव चालला.” सगळं माझं, शब्दन्‌शब्द माझा. “आणि शॉवरचा नळ सुतळीएवढा सोडा, जास्त सोडलात की गार पाणी.”

सुतळी! दोरा म्हण, दोरा! तीस वर्षं मी दोऱ्याएवढा म्हणतेय, आणि ही आठ महिन्यांत सुतळी करून बसली. बासिलिया उठून बसायला गेली आणि खोलीनं एक गिरकी घेतली म्हणून पुन्हा आडवी झाली. बाहेर माबेल आता ती जुनी म्हण सांगत होती, “थोडं खावं, हळू चालावं, एकट्यानं झोपावं,” आणि वर स्वतःचं जोडत होती, “पहिल्या दोन गोष्टी मी तपासते, तिसरीचं तुमचं तुम्ही बघा,” आणि मुली खिदळत होत्या. माझ्या वेळी पाहुणे इतके हसायचे का? हसायचे... एमेतेरियो होता तोवर. तो म्हण सांगायचा आणि शेवटी माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायचा, की काय करणार, मला तीस वर्षं एकट्यानं झोपू देत नाही ही, म्हणून दम लागतो. मेला कुठला! सगळ्यांसमोर!

दुपारी माबेल सूप घेऊन आली. बिनमटणाचं, पातळ.

“आई, आज आंघोळ नाही हं. पहिल्या दिवशी गरम पाण्यानं आंघोळ करायची नसते.”

बासिलियाला चमचा तोंडात असताना ठसका लागला. कारण ही सूचना निव्वळ तिच्या डोक्यातून निघालेली होती. विजेवर पाणी तापवणारे दोन शॉवर एकदम लावले की फ्यूज उडायचा आणि एमेतेरियो अंधारात शिव्या घालत तार शोधायचा, म्हणून नव्या पाहुण्यांना तिनं एक दिवस थोपवायला सुरुवात केली, तब्येतीचं नाव घेऊन, चेहरा अगदी गंभीर करून. आता ही पोरगी तीच माझ्यावर...

“फ्यूज उडतो का गं अजून?” तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“छे! मार्चमध्येच सगळी वायरिंग बदलून घेतली. सहाच्या सहा लावा आता.”

“मग आंघोळ का नको?”

“अहो, खरंच बरी नसते ती! दोन नंबरमध्ये एक डॉक्टरीणबाई उतरल्या होत्या, त्यांना मी सांगितलं तर म्हणाल्या, अगदी बरोबर सांगतेस, कुणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्या सासूबाईंनी.”

माबेल वाडगा घेऊन गेली, आणि दार लागल्यावर बासिलिया उशीत तोंड खुपसून इतकी हसली की पलंग करकरला. म्हणजे मी थाप मारली आणि थाप खरी निघाली! एमेतेरियो, ऐकलंस का रे?

हसून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की पलंग करकरतो. डाव्या बाजूला, वळलं की. तीस वर्षं या पलंगाच्या चादरी बदलल्या, पण त्यावर आडवी कधी झाले? एकदाही नाही. जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. मग ती पाहुण्यासारखी बघू लागली, कजाग पाहुण्यासारखी, आणि तिला भलतीच मजा यायला लागली. दिव्याचं बटण दाराजवळ, म्हणजे झोपताना दिवा घालवून काळोखात चाचपडत यायचं, इथं कुठला शहाणा राहिला असेल? दारामागचा खिळा इतका उंच की शाल अडकवायला उडी मारावी लागेल, आणि उडी तर आम्हीच मारू देत नाही! उशी चपटी, डोकं उंच असलं की ठणका कमी होतो हे तिनं घोंगडीची घडी खाली सरकवून आत्ता शोधून काढलं, आणि हे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. आणि खिडकी... खिडकीच्या काचा तिनं कितीदा पुसल्या होत्या, पण उभ्यानं. आडवं झाल्यावर खालच्या चौकटीत समोरच्या घरांची कौलं नाहीशी होत होती आणि उरत होता नुसता डोंगर, तांबडा, टोकापासून पायापर्यंत, दुपारच्या उन्हात पेटलेला. पाहुणे सकाळी उठून सांगायचे, काय सुंदर खोली आहे हो, आणि तिला वाटायचं, बोलण्याची रीत आहे, बोलतात बिचारे. ते खरं बोलत होते. बासिलिया कितीतरी वेळ बघत राहिली.

मग ती उठली. सावकाश, आधी बसून, मग पाय खाली सोडून, मग पलंगाला धरून, जसं सांगत आली तसं, आणि रबरी चपला घालून न्हाणीत गेली, कारण ओल्या फरशीवर अनवाणी पायानं विजेच्या शॉवरला हात लावायचा नाही. आंघोळ करायची नव्हती. नुसतं बघायचं होतं. दोऱ्याएवढा नळ सोडला तर थेंब थेंब उकळतं पाणी पडलं, बोट भाजलं. थोडा आणखी सोडला, बारीक धार झाली, ऊनऊन, तळव्यावर घ्यावीशी वाटणारी. सुतळीच म्हणायची ती. तीस वर्षं पाहुण्यांना मी भाजून काढलं की काय? “जिंकलीस गं बाई,” ती नळाला म्हणाली, आणि तिला राग यायला हवा होता तिथं ऊब वाटत होती, हाताला आणि आतही.

बाहेर कुणीतरी दाराची कडी वाजवत होतं. माबेल पाव आणायला गेली असावी, फ्रेदीची तर चाहूलही नव्हती. बासिलिया भिंतीला धरत अंगणात आली. दारात एक दांडगा माणूस, दोन्ही हातांत बॅगा, तोंडावर घाम, आणि मागे त्याची बायको. बोलण्यावरून लगेच कळलं, सांताक्रूझकडचा.

“खोली आहे ना? रोमुलो नाव. लवकर द्या किल्ली, मला काही तुमच्या वरच्या लोकांसारखं हळूबिळू जमत नाही,” तो म्हणाला, आणि एवढं बोलताना दोनदा थांबला.

“बसा.”

“बसायला नाही आलो, झोपायला आलोय.”

“अहो, ओठ बघा स्वतःचे, करवंद झालेत. बसा म्हटलं ना,” बासिलिया म्हणाली, आणि त्याच्याआधी तीच बाकावर बसली, कारण पाय लटपटत होते. तो बसला. बायकोही बसली. तिघं एका रांगेत धापा टाकत राहिले.

थोड्या वेळानं रोमुलोनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही... मालकीण ना? मग तुम्हाला काय झालंय?”

“तुम्हाला झालंय तेच.”

त्यावर त्याची बायको जी हसायला लागली ती थांबेना, आणि तिचं बघून तो, आणि त्याचं बघून बासिलिया. हसताना डोकं धरायचं, हे तिघांनाही आपोआप कळलं. “मला वाटलं मी मरणार,” तो हसून ओल्या झालेल्या डोळ्यांनी म्हणाला, “गाडीतच ठरवलं होतं, उद्या पहाटेच परत फिरायचं.”

“पहिल्या दिवशी काही ठरवायचं नसतं,” बासिलिया म्हणाली. हे तर तिचं सगळ्यात जुनं वाक्य, घाबरलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलेलं. पण आज ते बोलताना तिनं स्वतःच कान देऊन ऐकलं. “पहिल्या दिवशी बोलतं ते डोकं. अंगाला जरा वेळ द्या. रात्र जाऊ दे, सकाळी बघू.”

माबेल पावाची टोपली घेऊन आत आली, बाकावरचे तिघे पाहिले, आणि चहाचे तीन पेले आणले. एक रोमुलोला, एक त्याच्या बायकोला, आणि तिसरा सासूपुढे धरून म्हणाली, “सगळा संपवायचा. मगच किल्ली.”

“माझी किल्ली माझ्याकडेच आहे,” बासिलिया म्हणाली आणि शालीतून तो लाकडी चार काढून दाखवला. माबेलच्या कमरेचा जुडगा तिच्या डोळ्यांच्या रेषेत होता. तिला वाटलं होतं, तो बघितला की आत काहीतरी टोचेल. तिनं वाट पाहिली. नाही टोचलं. मग ती वाकली, बाकाखालच्या दगडांच्या फटीत जिथं माती दिसते तिथं चहाचे पहिले थेंब सांडले—आई, सकाळी चुकले, भुकेली होते गं—आणि उरलेला चहा सावकाश प्यायली. पानांची कडसर चव घशातून उतरत गेली.

संध्याकाळी फ्रेदी आला तेव्हा ती पुन्हा पलंगावर होती, घोंगडीवर उशी, उशीवर डोकं, खिडकीत डोंगर जांभळा होत चाललेला. गल्लीच्या टोकाला सान बार्तोलोमेच्या जत्रेची तालीम सुरू झाली होती, मोठा ढोल आणि त्यावर कर्ण्यांचे चुकलेले सूर.

“आई, डोकं कसंय? खरं सांग.”

“पलंग करकरतो. बटण इकडे घे. आणि खिळा खाली ठोक.”

“आई.”

“उद्या सकाळी विचार,” ती म्हणाली, “पाहुण्यानं पहिल्या दिवशी...”

“...काही ठरवायचं नसतं,” स्वयंपाकघरातून माबेलचा आवाज आला.

फ्रेदी मान हलवत गेला. दिवा मात्र लावून गेला, आणि बटण दाराजवळ. आता उठावं लागणार, सावकाश, आधी बसून. उठू मग. घाई कुणाला आहे? धम्म, धम्म... ढोल जवळ आला वाटतं, की तो लांबच आहे आणि हे आतलं, सकाळचंच? बासिलियानं श्वास धरून ऐकून पाहिलं. एक ठोका रस्त्यावरचा, एक माझा, नाही, दोन्ही रस्त्यावरचे... मध्येच दोन्ही एकात एक मिसळले आणि तिला वेगळे करता येईनात, आणि थोड्या वेळानं वेगळे करावेसेही वाटेनात. तिच्या मुठीत लाकडी चार कोमट झाला होता, आणि घोंगडीखाली तिचा उजवा पाय केव्हापासून तरी ताल धरून हलत होता.