चार कोटी आकड्यांची संख्या

देवरावांनी संगणकाला हळदीकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि बटण दाबून तो बंद केला.

खंडेनवमीला यंत्र फिरवायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगात फिटर म्हणून हयात गेली. नवमीला तिथला एक पट्टाही हलत नसे. पाना, पक्कड, विळी, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा झाली होती. मग या यंत्रानंच काय पाप केलं होतं?

सिंधूबाई न्हाऊन आल्या आणि दारातच थबकल्या. संगणकाच्या पंख्याची घरघर ऐकू येत नव्हती.

"बंद केलं तुमी?"

"महिनाभर राबून राहिलं ते. एक दिवस आराम नको त्याले?"

सिंधूबाई तशाच स्वयंपाकघराकडे वळल्या. निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका त्या; जगभरच्या हौशी मंडळींसारख्याच एक प्रचंड मूळ संख्या शोधत होत्या. दोनाला दोनानेच कोट्यवधी वेळा गुणत जायचं आणि शेवटी एक वजा करायचा. येईल ती संख्या लिहायला बसलं तर चार कोटींवर आकडे. एक आणि ती स्वतः सोडून तिला दुसऱ्या कशाने भाग जातो का, हे संगणक पायरी पायरीने तपासत होता. आधीच्या सगळ्या फसल्या होत्या. ही फसली तर हे खटलं आवरायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

आणि देवरावांना नेमकं तेच नको होतं. सुरुवातीला त्या घरघरीवर ते कावले होते, नाही असं नाही. पण हा नाद लागल्यापासून बायको पोळ्या लाटताना गुणगुणायला लागली होती. शाळा सुटल्यापासून घर नुसतं मुकं झालं होतं. आता आपल्याच हाताने आपण माती केली, या विचाराने दुपारी ते अर्ध्या ताटावरून उठले.

"सगळं वाया गेलं काय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही. जिथवर झालं, तिथवरचं जपून ठेवते ते. उद्या तिथूनच पुढं चालू होईल."

"मंग सकाळपासून बोलून काहून नाही राहिली?"

"म्हटलं, तुमाले जराशी काळजी करू द्यावी."

कोजागिरी उलटल्यावर उत्तर आलं. सिंधूबाईंनी ते दोनदा वाचलं.

"मूळ नाही. भाग जातो."

"कितीनं?"

"ते ही तपासणी सांगत नाही. भाग जातो एवढं पक्कं. कितीनं, ते जगात कोणालेच ठाऊक नाही."

देवराव खुर्ची ओढून बसले.

"हे कसं? बिघाड हाय हे कळते, आन कुठं हाय ते नाही? आमी असं मशीन सोडून घरी आलो असतो, तं मालकानं दारात उभं केलं नसतं."

"ते हुडकायचं गणित वेगळं आहे. वर्षं जातील. अन् हाती काही लागेलच असंही नाही."

बोलता बोलता त्यांचा हात बटणाकडे गेला. देवरावांनी तो अलगद धरला आणि धरूनच ठेवला.

"जाऊ दे ना वर्षं. आपल्याले कुठं जायचं हाय?"

सिंधूबाईंनी हात सोडवून कळफलक जवळ ओढला.

"मग चहा तुमी ठेवा," त्या म्हणाल्या. "तोवर मी ते हुडकायचं गणित लावते."